कृषी सल्ला: औषध बदलण्याआधी पंपातून पडणारे पाणी मोजा

प्रश्न: पंधरा लिटरच्या पंपाला ३० मिली औषध घेतो. मी फवारले की एकराला १० पंप लागतात, मजुराने फवारले की १४. माझ्या बाजूला मावा तसाच आहे, त्याच्या बाजूला पानांच्या कडा करपल्या. लेबलवर एकरी ३५० मिली लिहिले आहे. औषधात भेसळ असेल का?

उत्तर: भेसळीचा संशय घेण्याआधी आपलेच आकडे बघा. दहा पंपांत ३०० मिली औषध गेले, चौदा पंपांत ४२०. म्हणजे एकाच एकरभर पिकाला एकीकडे मात्रा कमी पडली आणि दुसरीकडे जास्त झाली. शिवाय तुम्ही भराभर चालता, त्यामुळे तुषार पानाच्या वरच्या बाजूलाच राहतात. मावा तर पानाखाली बसलेला असतो.

‘पंपाला इतके मिली’ ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. लेबलवर मात्रा एकरी किंवा हेक्टरी दिली असेल, तर तुमच्या एकराला किती पंप लागतात हे कळल्याशिवाय एका पंपाची मात्रा ठरवताच येत नाही. ती अशी काढा.

त्याच पिकात १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा आखा. हा साधारण एक गुंठा होतो. रिकाम्या, स्वच्छ पंपात मोजून १० लिटर साधे पाणी घाला. औषध मारताना जसे चालता, दांडी जशी हलवता, अगदी तसेच तेवढ्या तुकड्यावर फवारा. मुद्दाम नीट चालू नका, नाहीतर मोजणी खोटी ठरते. उरलेले पाणी मापाच्या भांड्यात ओता. समजा ६.२५ लिटर उरले, तर खर्च ३.७५ लिटर. त्याला ४० ने गुणले की एकराचे १५० लिटर, म्हणजे १० पंप. ३५० मिलीचे दहा भाग केले की पंपाला ३५ मिली. मजुराच्या हातून त्याच तुकड्यावर ५.२५ लिटर गेले, तर एकरी २१० लिटर, १४ पंप आणि पंपाला २५ मिली. दोघांच्याही एकरात औषध तेवढेच जाईल. मोजणी दोनदा करा आणि सरासरी धरा. पीक वाढले, नोझल बदलले किंवा फवारणारा माणूस बदलला की पुन्हा मोजा. लेबलवर मात्रा लिटरमागे दिली असेल, तर मात्र तीच पाळा.

मात्रेचे गणित जमले तरी फवारा सगळीकडे सारखा पडला पाहिजे. तुमच्या बाजूला पाने भिजत नसतील तर चाल कमी करा. दहा मीटरला साधारण १२ सेकंद लागले की ताशी ३ किलोमीटरचा वेग होतो आणि पाठीवरच्या पंपाला तो सोसतो. वळताना ट्रिगर सोडा. करपलेली पाने बांधाकडच्या टोकाला जास्त असतील, तर तिथे दुबार फवारा पडला असे समजा.

प्रश्न: बॅटरी पंपाची मोटर चालते, पण फवारा मध्येच तुटतो. नोझल तारेने साफ केले, तरी फरक नाही.

उत्तर: तार पहिल्यांदा बाजूला ठेवा. नोझलचे भोक तारेने मोठे आणि वेडेवाकडे होते. जुना टूथब्रश आणि पाणी पुरेसे आहे. हातमोजे घाला आणि नोझल तोंडाने कधीही फुंकू नका.

आता पंपात साधे पाणी भरा, नोझल काढा आणि ट्रिगर दाबा. दांडीतून जोरदार धार आली तर दोष नोझलमध्ये. धार मंद असेल तर मागे मागे जा: आधी मुठीतली गाळणी, मग टाकीच्या तळाची गाळणी, मग नळीचे जोड. मोटर टकटक करत चालू-बंद होत असेल, तर बहुतेक पुढे कुठेतरी वाट अडली आहे आणि प्रेशर स्विच मोटर बंद करतो आहे. पहिले तीन-चार पंप चांगले जाऊन नंतर फवारा मंदावत असेल, तर बॅटरी तपासा.

तारेने साफ केलेल्या नोझलची परीक्षा जरूर घ्या. एक मिनिट फवारा भांड्यात धरा, मग त्याच पंपावर तशाच नव्या नोझलचा धरा. नवे ६०० मिली देत असेल आणि जुने ६६० च्या वर गेले, तर जुने फेकून द्या. पोकळ शंकूचे नोझल कोरड्या फरशीवर क्षणभर मारून पाहा: ओले कडे सगळीकडे सारखे उमटले पाहिजे. एका बाजूला जाड ओघळ दिसला तर भोक झिजले आहे.

प्रश्न: ट्रॅक्टरच्या बूम फवारणी यंत्रात (आडव्या दांडीवर अनेक नोझल असलेल्या) प्रेशरचा काटा थरथरतो, टाकीत फेस येतो. प्रेशर वाढवले तर चालेल का?

उत्तर: नको. फवारा दुप्पट करायला प्रेशर चौपट लागते आणि तोवर थेंब इतके बारीक होतात की वाऱ्याने शेजारच्या पिकावर जातात. काटा थरथरणे आणि फेस दोन्ही एकत्र असतील, तर आधी ओढनळी, म्हणजे टाकीतून पंपाकडे पाणी ओढणारी नळी बघा. क्लिप सैल असते किंवा नळीला चीर असते, तिथून हवा शिरते. पंपाचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, यंत्र लगेच थांबवा.

मग प्रत्येक नोझलखाली एक मिनिट भांडे धरा. सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून वेगळे दिसणारे नोझल आधी साफ करा, तरी फरक राहिला तर बदला. टाकी अर्धी भरून शेतातच ५० मीटर चालवा. ४५ सेकंद लागले तर वेग ताशी ४ किलोमीटर. आता हेक्टरी पाणी काढा: एका नोझलचे मिनिटाचे लिटर गुणिले ६००, त्याला आधी ताशी किलोमीटरमधल्या वेगाने आणि मग दोन नोझलमधल्या अंतराने (मीटरमध्ये) भागा. ०.८ लिटर आणि अर्धा मीटर अंतर असेल तर हेक्टरी २४० लिटर.

प्रश्न: तणनाशकाचा पंप धुऊन कापसावर वापरला तर?

उत्तर: २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप कापूस, टोमॅटो, द्राक्षावर वापरूच नका, वेगळा ठेवा. उरलेला अंशसुद्धा पाने वाकडी करतो. इतर औषधांनंतर तीनदा धुवा आणि प्रत्येक वेळी पाणी दांडीतून बाहेर काढा. हे पाणी फवारलेल्याच शेतात पसरा, विहिरीजवळ किंवा ओढ्यात नको. मुठीतली गाळणी उघडून धुवायला विसरू नका. टाकी लखलखीत दिसते, पण औषधाचा गाळ तिथेच चिकटून राहतो.