वाचकांचे प्रश्न : दुभंगलेल्या देशांचे सामाईक जंगल

प्रश्न : पेंचचे जंगल एकच असले तरी त्याचा काही भाग महाराष्ट्राच्या आणि काही मध्य प्रदेशाच्या वनविभागाकडे आहे. येथे राज्ये वेगळी असली तरी देश एक आहे. उत्तर आणि दक्षिण कोरियासारखे, एकमेकांवर बंदुका रोखून उभे असलेले शेजारी वनरक्षणात खरोखर सहकार्य करू शकतात का, की २०१८ मध्ये त्यांच्या नेत्यांनी मिळून लावलेले झाड हा केवळ देखावा होता?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सहकार्य शक्य आहे आणि काही महिने ते प्रत्यक्षात झालेही होते. ते कोठे अडले, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

उत्तर कोरियातील डोंगर बोडके झाले ते मुख्यतः भुकेपायी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या देशाला मिळणारे स्वस्त तेल आणि खते आटली, आणि पुढच्या काही वर्षांत तेथे भीषण दुष्काळ पडला. लोकांनी उतारांवरची झाडे तोडून मका पेरला. तेथील पारंपरिक घरांत चुलीची धग जमिनीखालून खेळवून खोली उबदार ठेवतात. त्यामुळे स्वयंपाकाबरोबर हिवाळ्याची ऊबही लाकडावरच अवलंबून राहिली. उघड्या उतारांवरची माती १९९५ आणि १९९६ च्या पुरांत वाहून खालच्या शेतांत गेली, पिके बुडाली, भूक वाढली आणि कुऱ्हाड पुन्हा डोंगराकडे वळली.

२७ एप्रिल २०१८ रोजी पानमुनजोम या सीमेवरील ठिकाणी दक्षिणेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मून जे-इन आणि उत्तरेचे नेते किम जोंग-उन यांनी सीमारेषेवर जो पाइन लावला, तो १९५३ मध्ये, म्हणजे कोरियन युद्धाच्या युद्धविरामाच्या वर्षी, रुजलेला होता. त्याच्या मुळाशी दक्षिणेच्या हाल्ला आणि उत्तरेच्या पेक्तू पर्वताची माती घालण्यात आली. त्या समारंभाला मी देखावा म्हणणार नाही, कारण त्यापाठोपाठ काम सुरू झाले. त्याच वर्षी जुलैत आणि ऑक्टोबरात दोन्ही बाजूंचे वनाधिकारी बैठकीला बसले आणि नोव्हेंबरात पाइनच्या रोगावरील ५० टन औषध दक्षिणेकडून रस्त्याने उत्तरेतील सीमेजवळच्या केसाँग शहरात पोहोचले. हा रोग एका सूक्ष्म सूत्रकृमीमुळे होतो आणि भुंगेऱ्यांमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. अशा भुंगेऱ्याला चार किलोमीटर रुंदीच्या निर्लष्करी पट्ट्याची अडकाठी ती काय? त्यामुळे उत्तरेतले पाइन वाचवणे हे दक्षिणेच्याही हिताचे होते.

अडले ते पुढच्या पायरीवर. उत्तरेतील दहा रोपवाटिका आधुनिक करण्याचे ठरले होते. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१७ मध्ये उत्तर कोरियाला यंत्रसामग्री पाठवण्यावर बंदी घातली असल्याने रोपवाटिकेची साधनेही वादात सापडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये हनोई येथील अमेरिका आणि उत्तर कोरियाची शिखर परिषद फसली. जून २०२० मध्ये उत्तरेने केसाँगमधील दोन्ही कोरियांच्या संपर्क कार्यालयाची इमारतच स्फोटाने उडवली. गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की त्याच महिन्यात दक्षिणेने सीमेलगत पाजू येथे उत्तरेसाठी रोपे वाढवण्याचे केंद्र सुरू केले होते.

माझ्या मते धोरणाची चूक येथे आहे. जंगलाचे काम शिखर परिषदांच्या शेपटाला बांधले की परिषद मोडताच ते काम मोडते. रोपाला मात्र पहिली काही वर्षे खंड न पडता राखण लागते. कीड, वणवा आणि पूर यांची माहिती एकमेकांना देण्याची व्यवस्था राजकीय वाटाघाटींपासून अलग ठेवायला हवी आणि रोपवाटिकेच्या साहित्याला निर्बंधांतून कायमची सूट हवी. पूर्वसूचनेअभावी काय होते, हे सप्टेंबर २००९ मध्ये दिसले: उत्तरेने न कळवता इमजिन नदीवरील धरणाचे पाणी सोडले आणि दक्षिणेकडील काठावरचे सहा जण दगावले.

नागपूरकरांना वरच्या धरणाची गोष्ट वेगळी सांगायला नको. पेंच नदीवर मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाले, खाली नागपूरला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणात येणारे पाणी घटले आणि २०१९ मध्ये पाऊस लांबताच शहराला एक दिवसाआड नळाची वाट पाहावी लागली. एका देशाच्या दोन राज्यांतही हे घडते. त्यातल्या त्यात उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवल्यावर आग पसरली, तर पलीकडच्या बीटच्या वनरक्षकाला फोन करता येतो, ही आपली मोठी सोय आहे. कोरियात तो फोन लागत नाही.

प्रश्न : दक्षिण कोरियाचे डोंगरही युद्धानंतर उजाड होते असे वाचले. ते पुन्हा हिरवे कसे झाले?
— एक वाचक, रामटेक

उत्तर : पर्यायी इंधनामुळे आणि कडक तपासणीमुळे. १९६७ मध्ये तेथे स्वतंत्र वनसेवा स्थापन झाली आणि १९७३ मध्ये दहा वर्षांची वनीकरण योजना हाती घेण्यात आली. तिचे लागवडीचे उद्दिष्ट १९७८ मध्येच, म्हणजे सहा वर्षांत, पूर्ण झाले आणि सुमारे १० लाख हेक्टरांवर झाडे लागली. गावोगावच्या वनसंस्थांना सरपणासाठी वेगळी जंगले लावून दिली होती. शहरांत लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या विटा जळू लागल्या होत्या, त्यामुळे डोंगरांवरचा भार हलका झाला. त्या काळची राजवट हुकूमशाहीची होती आणि डोंगरावर जाण्यास गावकऱ्यांना मज्जाव करण्यात आला, हेही नोंदवले पाहिजे. तो भाग अनुकरणीय नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती रोपे मोजण्याची पद्धत. एका प्रांताने लावलेली किती रोपे जगली, हे दुसऱ्या प्रांताचे अधिकारी येऊन तपासत, त्यामुळे कागदावरची झाडे कागदावर राहणे अवघड झाले. दोन्ही पेंचच्या हद्दीवर महाराष्ट्राची रोपवने मध्य प्रदेशाच्या वनपालांनी आणि त्यांची आपल्या वनपालांनी मोजण्याची प्रथा सुरू करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. दोन्ही वनविभागांनी आपसांत ठरवले तर पुढच्या पावसाळ्यानंतरच्या मोजणीपासूनही ती सुरू होऊ शकेल.