माळ्याच्या फटी आधी बुजवा

प्रश्न : घर मंगळवार पेठेत, वर पत्रा, खाली फळ्यांचा माळा. मे महिन्यात माळा असला तापतोय की खाली एसी लावून पण गारवा टिकत नाही, बिल मात्र चढतंय. थर्माकोल ठोकू काय?

उत्तर : दादा, थर्माकोल नको, वायरिंगजवळ तर अजिबातच नको, पटकन पेटतो. आधी फळ्यांच्या फटी, फॅनच्या हुकाभोवतीचं भोक सिलंटनं बुजवा, माळ्यावर चढायच्या झडपेला रबराची पट्टी लावा आणि मगच वर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, उष्णता अडवणारी गादी) अंथरा, हातमोजे-मास्क घालूनच बरं का, लई खाजतंय. पत्र्याखाली फॉइल लावणार असाल तर चकचकीत बाजूसमोर इंचभर मोकळी हवा पाहिजे, नुसतं चिकटवून टाकलं तर पैसे पाण्यात. पत्र्याखालची हवा खेळायची जाळी मात्र बंद करू नका, आपल्याकडच्या पावसात ओल धरतेच, आणि भिजलेलं रॉकवूल काही कामाचं नाही, तेव्हा गळती पहिली काढून घ्या.