फॉस्फेट लागला म्हणजे चालू झालं, असं नसतं गं

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी सिनॉप्सिस काल रात्री वाचली, दोनदा वाचली, आणि खरं सांगू का, पहिल्याच पानावर अडले. तू लिहिलंयस की कायनेज नावाचं एन्झाइम प्रोटीनला फॉस्फेट लावतं, त्याने प्रोटीन चालू होतं, पेशी विभागते, कायनेज जास्त झालं की कॅन्सर, म्हणून कायनेज बंद करायचं. झालं, चार ओळींत निकाल! तुझा दोष नाही, आम्हालाही एमएस्सीला असंच शिकवलेलं. पण हे डोक्यात घेऊन बेंचवर बसलीस तर माझ्यासारखीच तोंडावर पडशील, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस.

माझं काय झालं ते ऐक आधी. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरपेशी) इटोपोसाइड हे डीएनए तोडणारं औषध दिलं. मग सीडीके-१, म्हणजे पेशीला विभाजनात ढकलणारं कायनेज, त्याला फॉस्फेट लागलाय का हे ओळखणाऱ्या फॉस्फो अँटिबॉडीने वेस्टर्न ब्लॉट केला, त्यात प्रोटीन काळ्या पट्टीसारखं, म्हणजे बँड म्हणून दिसतं. बँड असला काळाकुट्ट आला की मी त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना वडापाव खिलवला. लॅब मीटिंगला ऐटीत सांगितलं, या औषधाने सीडीके-१ ॲक्टिव्हेट होतं. गाइड एवढंच म्हणाले, "मग पेशी भराभर विभागत असतील ना? मायक्रोस्कोपखाली पाहिल्यास का?" पाहिल्या होत्या कुठे! धावत जाऊन बघितलं तर विभागायला निघालेली, गोल झालेली पेशी शोधून सुद्धा सापडेना, सगळ्या चपट्या, मोठाल्या, जागच्या जागी थांबलेल्या. अँटिबॉडी टायरोसिन-१५ ची (प्रोटीनच्या साखळीतलं पंधरावं अमिनो आम्ल) होती, आणि सीडीके-१ वर त्या जागी फॉस्फेट लागणं म्हणजे ब्रेक. डीएनए तुटला म्हणून पेशीने करकचून ब्रेक दाबला होता आणि मी त्याला ॲक्सिलरेटर समजून वडापाव वाटत होते.

आता गंमत बघ, हा ब्रेक लावतं ते सुद्धा कायनेजच. त्याचं नाव वी-वन. स्कॉटलंडमध्ये छोट्या गोष्टीला 'वी' म्हणतात, आणि पॉल नर्स १९७० च्या दशकात एडिंबरामध्ये यीस्टवर काम करत होते तेव्हा त्यांना असे म्यूटंट मिळाले की ज्यांच्या पेशी पूर्ण वाढायच्या आतच विभागतात, म्हणून छोट्याच राहतात. म्हणजे जीन बिघडलं की विभाजन थांबत नाही, उलट लवकर होतं. बिघडल्यावर घाई होते म्हणजे ते जीन धरून ठेवणारं असणार, एवढा साधा तर्क, पण तो करायला आधी पेशीचा आकार डोळ्यांनी बघावा लागतो. असे पन्नासेक म्यूटंट गोळा झाले, एक सोडून सगळे त्याच जीनचे. तो एक वेगळा होता त्याच्या प्लेटवर बुरशी चढलेली, नर्सनी ती कचऱ्यात टाकलेली, मग संध्याकाळी घरी गेल्यावर चैन पडेना म्हणून सायकल मारत परत येऊन ती उचलली. तो म्यूटंट निघाला सीडीसी-२ नावाच्या जीनचा, आणि माणसात त्यालाच आपण सीडीके-१ म्हणतो. २००१ चं नोबेल हार्टवेल आणि हंट यांच्यासोबत मिळालं त्याच्या मुळाशी ती बुरसटलेली प्लेट सुद्धा आहे. (तू दर शुक्रवारी इन्क्युबेटर साफ करतेस ना, जरा बघून टाकत जा.)

तर सीडीके-१ ला आधी सायक्लिन-बी हे जोडीदार प्रोटीन हवं, मग थ्रिओनिन-१६१ वर फॉस्फेट हवा, तो मदत करतो, आणि टायरोसिन-१५ वरचा फॉस्फेट निघायला हवा, तो काढतं सीडीसी-२५, जे फॉस्फटेज आहे, कायनेज नाहीच. एकच प्रोटीन, फॉस्फेटही तोच, जागा बदलली की अर्थ उलटा. म्हणून "सीडीके-१ फॉस्फोरिलेट झालं" हे वाक्य निव्वळ अर्धवट आहे, कुठे झालं ते लिहिल्याशिवाय मी ते पास करणार नाही.

आणि कॅन्सरमध्ये सुद्धा बऱ्याचदा हीच भानगड असते, म्हणजे कायनेज जास्त झालं यापेक्षा कायनेजचा ब्रेक तुटला. राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीतून जो व्हायरस दाखवला त्यात सार्क नावाचं कायनेज आहे. आपल्या पेशींतही सार्क असतं पण त्याला एक शेपटी असते, शेपटीवर सीएसके नावाचं दुसरं कायनेज फॉस्फेट लावतं (धोनीची टीम नव्हे!), मग शेपटी दुमडून सार्कलाच चिकटते आणि ते गप्प बसतं. व्हायरसच्या सार्कची ती शेपटीच कापली गेलीय, त्यामुळे त्याला गप्प करायला जागाच उरली नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात तसंच, ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात, एबीएल कायनेज बीसीआरला जोडलं जातं आणि त्या नादात एबीएलचं पुढचं टोक जातं. त्या टोकाला एक चरबीचा खुंटा असतो जो एबीएलच्याच खाचेत जाऊन बसतो आणि त्याला बंद ठेवतो. इमॅटिनिब हे त्यावरचं औषध तू लिहिलंयस, २००१ ला मंजूर झालं, एटीपीच्या (कायनेज ज्याच्याकडून फॉस्फेट घेतं तो रेणू) जागी बसतं, सगळं बरोबर. पण ॲसिमिनिब का नाही लिहिलंस? २०२१ ला आलं ते, आणि ते एटीपीच्या जागेला हातच लावत नाही, सरळ त्या रिकाम्या खाचेत खुंटा बनून बसतं. हरवलेला ब्रेक औषधाच्या रूपात परत लावला, मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

याच्या बरोब्बर उलटी कल्पना ॲडाव्होसर्टिब या औषधाची. ते वी-वनलाच बंद करतं, म्हणजे ब्रेकच काढून घेतं! बऱ्याच ट्यूमरमध्ये पी-५३ हे पेशीला थांबवणारं प्रोटीन गेलेलं असतं, त्यामुळे डीएनए तुटला तरी पहिल्या नाक्यावर पेशी थांबत नाही, सगळी भिस्त पुढच्या नाक्यावर म्हणजे वी-वनवर. तो काढला की पेशी तुटका डीएनए घेऊन तशीच विभाजनात शिरते आणि मरते. ट्रायल्समध्ये रक्तपेशी घटणं, जुलाब असे त्रास चांगलेच झाले हेही लिही, नुसतं गोड गोड नको. पण तुझ्या चार ओळींच्या हिशोबात हे औषध बसतंच नाही, बघ.

आता कामाचं. फॉस्फो ब्लॉट ब्लॉक करताना (म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा झाकताना) दूध पावडर घेऊ नकोस, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रोटीन आहे, काही अँटिबॉडी त्यालाच चिकटतात आणि बॅकग्राउंड काळं होतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घे. पेशी फोडतानाच फॉस्फटेज इनहिबिटर घाल, व्हॅनाडेट असेल तर पीएच १० ला आणून पिवळेपणा जाईपर्यंत उकळलेलं, नुसतं पाण्यात विरघळवलेलं नको. टोटल सीडीके-१ चा बँड शेजारी लाव, आणि प्रत्येक ब्लॉटसोबत त्याच दिवशीचा पेशींचा फोटो.

आणि तुझी फिगर १. सगळीकडे बाणच बाण काढलेस, 'थांबवतं' दाखवणारी एकही आडवी रेघ नाही. वी-वनपासून सीडीके-१ कडे रेघ काढ, सीएसकेपासून सार्ककडे काढ, शेजारी प्रत्येक फॉस्फेटचा नंबर घाल, आणि रविवारच्या आत पाठव, सोमवारपासून मी आठवडाभर गावी आहे, तिकडे रेंज नसते.

तुझी,
मावशी म्हणतेस तीच