एवढीच माणसं?

प्रिय मनू,

रविवारी तू मैत्रिणीच्या ताईच्या लग्नाहून आलीस. तीन दिवस, साडेचारशे माणसं, रोज वेगळे कपडे. रात्री कपाटातून माझा अल्बम काढलास आणि विचारलंस, "आई, एवढीच माणसं? कोणी आलं नाही का तुझ्या लग्नाला?" मी म्हटलं, झोप आता, उशीर झालाय. खरं सांगू, मला ते लागलं. तू सहज विचारलंस, तुझं काहीच चुकलं नाही. पण दोन दिवस झाले, मनातून जात नाही. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, माहीत आहे. अडलं तर बाबांना विचार. हे मला दुसऱ्या भाषेत नाही सांगता येणार.

आली होती गं माणसं. ऐंशी पानं झाली त्या दिवशी.

1996 सालचा माघ होता. लग्न घरीच लागलं, इंदूरला, आपल्या रामबागेतल्या घरी. पैसे नव्हते, हे आधीच सांगून टाकते. इंदूरच्या कापडगिरण्या तेव्हा एकामागून एक बंद पडत होत्या आणि नानांची नोकरीही त्यातच गेली होती. रोज संध्याकाळी नाना वही घेऊन ओसरीवर बसत. नावं लिहीत, खोडत, परत लिहीत. मोजताना "माणसं" म्हणायचे नाहीत, "पानं" म्हणायचे. इतकी पानं झेपतील, इतकी नाही.

पण नुसते पैसेच कारण होते, असंही नाही. आपल्याकडे लग्नं तशीच होत. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेली आपली घरं. सोयरिकी देवासला, धारला, फार तर ग्वाल्हेरला. म्हणजे पवार नाहीतर शिंद्यांच्या गावांत. तीच पाच-पंचवीस घरं फिरून फिरून एकमेकांच्या मांडवात. शेजारच्या भाभींकडे रात्री बरात यायची, बँड, घोडी, पहाटेपर्यंत फेरे. आपलं दिवसाउजेडी, मुहूर्तावर अक्षता पडल्या की लगेच पंगत. भाभी म्हणायच्या, "आप लोगों की शादी तो दोपहर तक निपट जाती है." तेव्हा मला त्याची लाज वाटायची. मलाही घोडी हवी होती, मनू. हे मी कुणाला बोलले नाही.

सकाळी सगळ्यांना पोहे होते, वर शेव आणि जीरावन मसाला, सोबत जिलबी. आदल्या रात्री सगळी भावंडं सराफ्यात, तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू म्हणजे तळलेले कंद खायला गेली होती. मला हळद लागलेली, मला कोण नेणार? तुझ्या मामानं माझ्यासाठी कागदात बांधून आणले, गार झालेले. मी न्हाणीघराच्या पायरीवर बसून खाल्ले.

आणि त्या घरात पाहुणा असा कोणी नव्हताच. देवासच्या मावशा मसालेभाताचे तांदूळ निवडत होत्या. रुखवत आत्यानं तिच्या हातानं मांडलं, पलंगावर. पंगतीत वाढायला सगळे काका, कमरेला पंचे बांधून. मठ्ठ्याचं पातेलं आणि द्रोणांची चळत घेऊन तुझा धाकटा मामा त्यांच्यामागे. बाबांचा कान पिळायची वेळ आली तेव्हा तोच मामा. बारा वर्षांचा, हात पोचेना, म्हणून बाबा खाली वाकले.

लग्न लागलं मधल्या खोलीत. तिथे जेमतेम पंचवीस माणसं मावली, बाकीची ओसरीवर नि अंगणात उभी, अक्षता तिथूनच टाकत होती. अंतरपाटाचं एक टोक बाळूकाकांच्या हातात, घरातल्या प्रत्येक लग्नात त्यांच्याच हातात असायचं. आत्यानं मंगलाष्टक स्वतः रचलं होतं, शार्दूलविक्रीडित वृत्तात बसवून, त्यात नानांचं, माईचं, गेलेल्या आजोबांचं नाव. चौथ्या ओळीला तिला पुढचं सुचेना. रडायलाच लागली. मग ओसरीवरूनच कोणीतरी "कुर्यात् सदा मंगलम्" म्हटलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं.

मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकायची नसतात आपल्याकडे, तिनं तुळशीला पाणी घालत बसायचं. का, ते मला विचारू नकोस. मलाही ते पटत नाही, आणि तुझ्या वेळी मी तशी मुळीच बसणार नाही. पण हॉल असता तर माई कुठल्यातरी मागच्या खोलीत असती. आमच्या घरी तुळस परसात, मधल्या खोलीच्या खिडकीबाहेर. दहा पावलांवर. ती तांब्यानं पाणी घालत होती, थांबत होती, परत घालत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

एक गोष्ट अजून सलते. नानांचे एक जुने सोबती होते, वीस वर्षं एकाच पाळीत काम केलेले. वहीत त्यांचं नाव तीनदा लिहिलं नि तीनदा खोडलं. त्यांना बोलावलं तर आणखी पंधरा जणांना बोलवावं लागलं असतं. लग्नानंतर ते वाटेत भेटले की नमस्कार करायचे, थांबायचे मात्र नाहीत. नाना शेवटपर्यंत त्यांचं नाव काढत राहिले. म्हणून लहान लग्नच चांगलं, असं मी छातीठोक म्हणत नाही. जवळची म्हणून काही माणसं निवडायची, तर बाकीच्यांना आपण लांबची ठरवतोच.

2020 साली पन्नासच माणसांची परवानगी होती तेव्हा बंटीदादाचं लग्न आपण इथून पडद्यावर पाहिलं. तू म्हणाली होतीस, "दादा किती निवांत दिसतोय." आता त्याचे मित्र हौसेनं तशी लग्नं करतात. त्यांची हौस आहे, आमची तेव्हा गरज होती. दोन्हीत फरक आहे. तरी ते बघून मला बरं वाटतं.

तू कसं करावंस, हे सांगायला हे लिहीत नाहीये. साडेचारशे बोलाव, नाहीतर चौघांत नोंदणी कर. करूच नकोस वाटलं तर तेही बोलू आपण. फक्त तो अल्बम पुन्हा एकदा काढ. अंतरपाटाचा फोटो आहे ना, जिथे माझी मुंडावळी तिरकी झालीये, त्याच्या उजव्या कोपऱ्यात खिडकीचे गज दिसतात. गजांमागे मोरपिशी रंगाचा एक तुकडा आहे. तो परवा तुझ्या मोजण्यात आला नसेल. ती माई आहे.

तुझी,
आई