दशांश चिन्ह चुकतं, म्हणून मूल कच्चं?

‘याला डिसकॅल्क्युलिया तर नसेल ना?’ हा प्रश्न हल्ली पालक नाव घेऊनच विचारतात. डिसकॅल्क्युलिया म्हणजे संख्या आणि आकडेमोड समजण्यातच मुळात असलेली अडचण. सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या एका आईनंही तोच विचारला. मुलगा सहावीत. “मॅडम, पाढे सगळे पाठ हायेत की त्याला. मग दशांशाचा भागाकारच का येत नाही?” शिकवणीत कुणीतरी त्याला ‘कच्चा’ म्हटलं होतं, तेही सगळ्या मुलांसमोर. त्यानंतर त्यानं गणिताची वही दप्तरातून काढणंच सोडलं होतं.

मी ती वही मागून घेतली. ३४.५ ÷ १० चं उत्तर ३४५. ६.२ ÷ १०० चं ६२०. आणि ८ ÷ १०० समोर नुसती रिकामी जागा.

चुका नीट वाचल्या तर त्या बरंच सांगतात. शून्यं त्यानं प्रत्येक वेळी बरोबर मोजली होती. फक्त चिन्ह उजवीकडे नेलं होतं. शाळेत नुकताच दशांशाचा गुणाकार झाला होता आणि ‘उजवीकडे सरकवा’ हाच नियम डोक्यात पक्का बसला होता. आणि ८ मध्ये चिन्ह दिसतच नाही, तर सरकवायचं काय? मुलगा नियम इमानदारीनं पाळत होता. तो नियम कशासाठी आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आई घरी शेंगाचटणीच्या पुड्या भरून विकते. मी त्याला विचारलं, “अडीच किलो चटणी दहा पुड्यांत सारखी भरली, तर एका पुडीत किती?”

“पाव किलो,” तो लगेच म्हणाला.

“आता हेच वहीत लिही.”

त्यानं २.५ ÷ १० = २५ लिहिलं. “एका पुडीत पंचवीस किलो?” असं विचारताच तो आईकडे बघून हसला आणि स्वतःच खोडलं. ज्याला वजनाचा इतका नेमका अंदाज आहे, त्याची संख्यांची समज शाबूत आहे. (रुपये-पैशांचं उदाहरण मी मुद्दाम टाळते. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आजच्या मुलांनी पैशांची नाणी सहसा हाताळलेलीच नाहीत.)

मग कागदावर घरं आखली: दशक, एकक, दशांश, शतांश, सहस्रांश. एकक आणि दशांशाच्या मध्ये जाड रेघ, तेच चिन्ह, आणि ते जागचं हलत नाही. हलतात ते अंक. दहानं भागलं की प्रत्येक अंक एक घर उजवीकडे जातो, कारण तिथं त्याची किंमत दहावा भाग होते. एककातला २ दशांशात गेला, दशांशातला ५ शतांशात. एकक रिकामं, तिथं शून्य. ०.२५, म्हणजे पाव किलो. ८ ला शंभरनं भागताना ८ दोन घरं जाऊन शतांशात बसला, ०.०८. ‘चिन्ह डावीकडे’ हा नियम मी सांगितलाच नाही. थोड्या वेळानं तो त्यानंच शोधला.

आईला मी सांगितलं, ताई, एका प्रकरणातल्या चुकांवरून डिसकॅल्क्युलिया ठरत नाही. लहान-मोठी संख्या ओळखता येत नाही, साध्या बेरजेलाही बोटं लागतात, घड्याळ आणि सुट्टे पैसे यांतही गोंधळ होतो, आणि नीट शिकवूनही हे महिनोन्‌महिने टिकतं, तेव्हा तज्ज्ञांकडून तपासणी जरूर करून घ्यावी. इथं तसं काही दिसलं नाही. घरी पन्नास गणितं घालू नका. प्रत्येक गणिताआधी एकच विचारा, ‘उत्तर दिलेल्या संख्येपेक्षा मोठं येणार की लहान?’

०.७ ÷ १०० सारख्या गणितांत त्याची मधली शून्यं अजून सुटतात. म्हणून घरांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय आणि परीक्षेपर्यंत तो तिथंच राहू द्या, असं सांगितलंय.