आधी लिहा, माणसं कोण होती

प्रश्न : मी सांगलीत स्टाफ नर्स आहे. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाला 'वॉर्डमधील टीमवर्क' हा विषय घेतलाय. गूगल स्कॉलरवर हजारो लेख निघतात. दोन महिने नुसतं डाउनलोड करतेय. आधी संशोधनाचा नकाशा काढा, असं गाईड म्हणतात. तो काढायचा कसा?

उत्तर : ताई, डाउनलोड आजच थांबवा. तीस वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसले, त्या अनुभवावरून सांगते : ढिगापासून सुरुवात केली की माणूस ढिगातच अडकतो. एकच लेख हातात घ्या.

तुमच्यासाठी मी टीमवर्कच्या अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांचा १९९६चा लेख घेईन. नर्सिंग युनिट्समध्ये औषध देताना होणाऱ्या चुका त्यांनी तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असं वाटलं होतं, निघाल्या जास्त! तिथल्या नर्सेस झालेली चूक मोकळेपणानं सांगत होत्या. इतर ठिकाणी ती झाकली जात होती. नाइटचं हँडओव्हर देणाऱ्या बाईला हे मी काय समजावणार?

आता या लेखाच्या संदर्भसूचीतून मागे जा, 'साइटेड बाय'मधून, म्हणजे हा लेख नंतर कोणी संदर्भाला घेतला त्या यादीतून, पुढे या. पुढे त्यांचाच १९९९चा, एका कारखान्यातल्या ५१ टीम्सचा अभ्यास भेटेल. प्रत्येक लेखाला पोस्टकार्डाएवढं कार्ड करा आणि भिंतीवर ड्रॉइंग पेपर लावून त्यावर टाचा. कार्डावर लेखकाच्या नावाच्याही आधी लिहा : अभ्यासलेली माणसं कोण?

ही ओळ मी फार उशिरा शिकले. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांचे १९६५चे टप्पे, म्हणजे गट जमतो, भांडतो, सावरतो, कामाला लागतो, मी कितीतरी विद्यार्थ्यांना काढून दिले. मूळ लेख वाचला तेव्हा कळलं, त्यांनी इतरांचे जे अभ्यास एकत्र केले, त्यांत सर्वाधिक मानसोपचाराच्या गटांचे होते. ऑफिसचे नव्हेत, वॉर्डाचे तर नव्हेतच.

टीमवर्कच्या अभ्यासाची दुसरी वाट खाणीतून येते. ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ या ब्रिटिश संशोधकांचा लेख, १९५१, इंग्लंडच्या कोळसा खाणी. बॅमफोर्थ स्वतः खाणीत राबलेले. यंत्रं आली, पूर्ण काम मिळून करणाऱ्या छोट्या टोळ्या मोडल्या, एकेका पाळीच्या वाट्याला एकेक तुकडा आला आणि गैरहजेरी वाढली. पूर्ण काम छोट्या गटाकडेच असावं, हा विचार ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकांनी १९५३मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आणला. यंत्रमागांचा एकेक संच कामगारांच्या छोट्या गटाकडे सोपवला, तेव्हा कापड वाढलं आणि खराबा घटला. हे कार्ड जरूर लावा; आपल्याकडचे विद्यार्थी नेमकं तेच विसरतात.

शोधशब्द मात्र बदलत राहा; टीमला प्रत्येक क्षेत्रात वेगळं नाव असतं. मानसशास्त्रात 'ग्रुप', विमान वाहतुकीत 'क्रू', आरोग्यक्षेत्रात 'इंटरप्रोफेशनल कोलॅबरेशन', म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांतल्यांनी मिळून केलेलं काम.

वीस-पंचवीस कार्डं झाली की कोणी कोणाचा संदर्भ दिलाय ते दोऱ्यानं जोडा. मग सगळ्या कार्डांची फक्त पहिली ओळ वाचत जा. डॉक्टर दिसतील, नर्सेस दिसतील. तुमच्या वॉर्डातल्या मावशी आणि वॉर्डबॉय त्यांत कुठे आहेत का, तेवढं बघा आणि मला कळवा.