निर्यातदाराला भेटायला निघण्याआधी

प्रश्न : आम्ही बारा उद्योजिका गटाने परदेशी निर्यातदारांना भेटायला जाणार आहोत. विक्रीसाठी वस्तू आणायचा विचार आहे. चार दिवसांत वीस भेटी ठरल्या आहेत. तयारी काय करावी?

पहिली तयारी म्हणजे वीसच्या आठ करा. कारखान्याची एक भेट जाण्यायेण्यासकट अर्धा दिवस खाते, त्यामुळे दिवसाला दोनच नीट होतात. उरलेल्यांशी व्हिडिओ कॉलवर बोललात तरी चालेल.

निघण्याआधी तीन-चार आठवडे प्रत्येक निर्यातदाराला एका पानाची मागणी पाठवा. त्यात वस्तूचा फोटो, मापं, कशाची बनलेली हवी, पहिल्या खेपेला किती नग, वर्षाला अंदाजे किती, कुठल्या बंदरात हवी, हे सगळं आलं पाहिजे. शिवाय सहा आकडी एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये वस्तूचा प्रकार ओळखायचा आकडा. हे सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले लावतो. म्हणून आयात शुल्क बघताना आपल्या देशाचा पूर्ण कोडच धरायचा, निर्यातदाराच्या बिलावरचा नाही. ‘चांगला माल हवा आहे’ एवढंच पत्र पाठवलंत, तर समोर बोलायला सगळ्यात नवखा माणूस बसवतात.

कारखान्यात गेल्यावर शोरूममध्ये रमू नका. कच्च्या मालाचं गोदाम आणि पॅकिंगची जागा बघायला मागा. अर्धवट बनलेले नग कुठेच दिसत नसतील, तर समोरचा बहुधा दुसऱ्याचा माल विकणारा व्यापारी आहे. त्यात गैर काही नाही, थोड्या नगांसाठी तो सोयीचाच पडतो. फक्त दर्जाचा शब्द तो दुसऱ्याच्या भरवशावर देतो, हे ध्यानात ठेवून बोला.

प्रश्न : बैठकीत निर्यातदार माझ्याशी न बोलता दुभाष्याशी किंवा सोबतच्या पुरुष सहकाऱ्याशीच बोलतो. काय करावं?

आधीची सगळी पत्रं तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवरून जाऊ द्या आणि ‘ऑर्डरवर सही मी करणार’ हे त्यातच लिहा. बैठकीत निर्यातदाराच्या समोरची खुर्ची तुमची. दुभाष्याला शेजारी, किंचित मागे बसवा. ‘त्यांना विचारा की...’ असं दुभाष्याला न सांगता थेट निर्यातदाराकडे बघून बोला. सहकाऱ्यांनी दराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे निघतानाच ठरवा. दोन तोंडांनी दोन आकडे गेले की घासाघीस तिथेच संपते.

प्रश्न : किमान 1,000 नग घ्या म्हणतात. आम्ही चौघी मिळून ऑर्डर देऊ शकतो का?

देता येते, पण आधी विचारा की हजार नग कशाचे : पूर्ण ऑर्डरचे, एका डिझाइनचे की एका रंगाचे? रंगाचे असतील तर त्याला कारण असतं. रंगाचा एक घाणा लावला की तो संपवावाच लागतो. अशा वेळी चौघींनी एकच रंग घेऊन वेगळेपण पॅकिंगमध्ये आणावं.

खरी भानगड माल बंदरात उतरल्यावर होते. कस्टम्सच्या कागदांवर आयातदार म्हणून एकीचंच नाव असतं, आणि शुल्क, विलंबाचा आकार, तपासणी सगळं तिच्यावर येतं. चौथीने पैसे द्यायला आठवडा लावला तर माल सगळ्यांचाच अडकतो. म्हणून मालाचे, वाहतुकीचे आणि अंदाजे शुल्काचे पैसे ऑर्डरआधी जमा करा. खराब निघालेले नग कुणाच्या वाट्याला, तेही लिहून ठेवा.

प्रश्न : एकाचा दर ‘एक्सडब्ल्यू’, दुसऱ्याचा ‘एफओबी’. पहिला स्वस्त दिसतो. तोच घ्यावा का?

तुलना होतच नाही. एक्सडब्ल्यूमध्ये निर्यातदार माल आपल्या दारात तयार ठेवतो. गाडीत भरण्यापासून निर्यातीच्या कस्टम्सपर्यंतचं सगळं तुमच्याकडे. नवख्या आयातदाराने या वाटेला जाऊच नये. एफओबीत जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा. सगळ्यांकडून एकाच अटीवर, एकाच बंदराचा दर मागा आणि अटीपुढे ‘इनकोटर्म्स 2020’ (अशा अटींचा अर्थ ठरवणारी आंतरराष्ट्रीय नियमावली) लिहून घ्या.

खोक्याचं बाहेरचं माप आणि वजन तिथेच टिपून घ्या. 60 × 40 × 40 सेंटिमीटरचा खोका 0.096 घनमीटर भरतो, पन्नास खोके 4.8 घनमीटर. इतरांच्या मालासोबत कंटेनरमधून आणताना सहसा एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं. खोका 8 किलोचा असेल तर एकूण वजन जेमतेम 400 किलो, तरी भाडं 4.8 चं. विमानाने तोच खोका 16 किलोचा धरतात, कारण घनसेंटिमीटरला 6,000 ने भागतात. हलक्या, फुगीर वस्तूंचा नफा इथेच आटतो.

प्रश्न : नमुना उत्तम होता, माल हलका आला. पैसे आधीच दिले होते.

पसंत पडलेल्या नमुन्याचे तीन नग सील करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या : एक तुमच्याकडे, एक कारखान्यात, एक तपासनिसाकडे. 30 टक्के आगाऊ आणि 70 टक्के तपासणीनंतर, ही पद्धत बरीच रुळलेली आहे. तपासणी माल पॅक झाल्यावर, पण निघण्याआधी. आयएसओ 2859-1 या नमुना-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नेहमीच्या पातळीवर 2,000 नगांच्या खेपेतून 125 नग उचलतात. एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची मर्यादा, 2.5 ठरलेला असेल तर 7 दोषी नगांपर्यंत खेप पास, आठवा सापडला की नापास. ‘दोष’ कशाला म्हणायचं याची फोटोंसह यादी आधी दिली नसेल, तर तपासनीसही काही करू शकत नाही.

लेटर ऑफ क्रेडिटने, म्हणजे ठरलेले कागद मिळाले की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीने, हे टळेल असं समजू नका. बँक कागद तपासते, माल नाही. आणि ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला, तर भेटीत घेतलेल्या कार्डावरच्या नंबरवर फोन करून खात्री होईपर्यंत पैसे पाठवू नका. त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर तर मुळीच विचारू नका.